आरे-वाऱ्याचा खडक

‘भैरीप्रसाद’ पाण्यात जायच्या दिवशी हरिश्चंद्र पिलणकर उठले तेच चिडून. कोजागिरीचं उधाण दुपारी बाराच्या सुमाराला भरणार होतं आणि त्याआधी सर्व्हेअर येऊन मचवा तपासून जायचे होते. सर्व्हेअरांनी मान डोलावली, तरच बंदराच्या नव्या बांधाला दगड वाहायचं काम मिळणार. उधाण चुकलं, तर एवढा जड मचवा पुढच्या अवसेपर्यंत काठावर तसाच.

खरं तर तो तिथं उभा राहून आता काठाचाच झाला होता. ट्रक आले, माल रस्त्यानं जायला लागला, तसा मचव्याचे तांडेल, म्हणजे कप्तान, असलेल्या हरिश्चंद्रांनी, गावाच्या हरीतांडेलांनी, तो भाट्याच्या खाडीच्या कडेला माडाच्या ओंडक्यांवर चढवून ठेवला होता. पावसानं वरचं लाकूड खाल्लं, उन्हानं फटी उघडल्या. मग धाकटे भाऊ काशीराम परदेशी बोटीवरची इलेक्ट्रिशियनची नोकरी संपवून घरी आले, आणि घरात बसवेना म्हणून त्यांनीच हा खटाटोप काढला. पाण्याच्या रेषेवरच्या फळ्या उतरवून नव्या आयनी लाकडाच्या घातल्या. फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरला, त्यावर राळ ओतली, बुडाला मोरी माशाचं तेल चढवलं. सुताराचं काम महिपतनं केलं. विजेचं काम बाळाकडे आलं.

बाळा म्हणजे मधल्या भावाचा, दादूचा मुलगा. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात वायरमन होता. रोज सायकलनं जायचा, संध्याकाळी परत आला की डबा ओट्यावर ठेवून मचव्याकडे. घरात कुणालाच वाटलं नव्हतं की हरिश्चंद्र त्याला मचव्यावर पाय ठेवू देतील. लहानपणापासून त्यांनी त्याला साध्या होडीतसुद्धा बसू दिलं नव्हतं. “बापसासारखा सुकाणावर झोपेल,” एवढंच म्हणायचे, आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

कारण दादू सुकाणावर झोपला होता. बाळा तेव्हा दोन वर्षांचा होता. मोसमाची शेवटची खेप, वैशाखाची अखेर. मुंबईहून परत येताना दादूच्या हाती सुकाणू असताना त्याचा डोळा लागला आणि मचवा आरे-वाऱ्याच्या टोकाशी खडकावर गेला. बूड फुटलं, दादू पाण्यात फेकला गेला. हरीतांडेलांनी फुटका मचवा कसाबसा जयगडला नेला, पावसाळाभर तिथंच दुरुस्त केला. पिलणकरांच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली होती की आता ती सांगावीही लागत नसे. दादूची बायको यमुनाबाई विहिरीवरून उशिरा आल्या तरी सासू म्हणायची, “नवऱ्यासारखी झोप लागली काय गो?” सासू गेली, पण ते बोलणं घरात राहिलं.

“ही वायर बघ,” काशीराम मचव्याच्या पोटात वाकून म्हणाले. “एकदम टाइट. बोटीवर आम्ही अशीच मारायचो.”

बाळा क्लिपा तपासत राहिला. इंजिन बसवलं त्या साली मचव्यावर पहिली वायरिंग काशीरामांनीच रजेवर आले असताना केली होती, घरात वापरायच्या साध्या वायरनं. श्रावणात बाळानं ती ओढून काढली तेव्हा आतलं तांबं हिरवं पडून भुगा होऊन हातात आलं होतं. तळात साचणाऱ्या पाण्यातूनच वायर नेलेली होती. त्यानं सगळं नवीन केलं. वायर वरून, कडेकडेनं नेली, दर हाताला क्लिप. डोलकाठीचा पांढरा दिवा, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, आणि तळातलं पाणी उपसायला पंप.

“सर्व्हेअरनं विचारलं तर मी बोलतो,” काशीराम म्हणाले. “तुझ्या लायसनचं वगैरे काढत बसला तर पंचाईत. माझ्या देखरेखीखाली झालं असं सांगू. चालेल ना?”

“चालेल काका.”

बाळाला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या मनात दुसरंच होतं, आणि ते श्रावणापासून होतं. पंपाची वायर न्यायला त्यानं तळाच्या आतल्या फळ्या उचकटल्या, तेव्हा काम बाजूला ठेवून तो बॅटरीच्या उजेडात बुडाची एकेक फळी बघत राहिला होता. आपला बाप जिथं मेला ती जागा त्याला बघायची होती. फुटलेली जागा, जयगडला घातलेली नवी फळी, वेगळ्या रंगाचं लाकूड, वेगळे खिळे. पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणापर्यंत त्यानं हात फिरवला. सगळं लाकूड एका वयाचं, एका रंगाचं. सगळे खिळे एका हातचे.

आपल्याला लाकडातलं कळत नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी महिपतला विचारलं, “जयगडला बदललेली फळी कुठची?”

महिपतनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले, पुन्हा तोंडात धरले. “मला काय इचारतंस? तांडेलाला इचार.”

तांडेलाला विचारायची बाळाची छाती नव्हती.

*

सर्व्हेअर आले ते जीपमधून, चष्म्यावरचा घाम पुसत. माणूस तरुण होता, पण हातोडी हातात घेतली की त्याला दुसरं काही दिसत नसे. बुडाखाली उकिडवा बसून तो फळी-फळीवर हातोडी मारत पुढे सरकला. टण, टण, टण. एकाही ठिकाणी आवाज बदलला नाही. बाळा तेव्हा आत, स्विचच्या पेटीशी होता. हातोडीचा प्रत्येक ठोका त्याच्या तळपायाला लागत होता.

“वरच्या फळ्या नव्या दिसतात,” सर्व्हेअरांचा आवाज आला. “खालच्या?”

“खालच्या सगळ्या बापसाच्या हातच्या,” हरिश्चंद्र म्हणाले. “पावसाचं पाणी लाकूड खातं साहेब, मिठाचं पाणी राखतं.”

“ते खरं. पण एक सांगा, मचवा कधी खडकावर वगैरे आपटलाय? बूड फुटून दुरुस्त केलंय? तसं असेल तर मला ती जागा उघडून बघावी लागेल. मग आज काही हा पाण्यात जायचा नाही.”

बाळानं हातातला पाना खाली ठेवला.

बाहेर हरिश्चंद्रांनी बुडाच्या फळीवर तळवा ठेवला. माडाखाली चहाची किटली घेऊन यमुनाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. हरिश्चंद्रांची त्यांच्याकडे पाठ होती. काशीरामांनी त्यांना बघितलं. भावाला खूण करावी असं त्यांच्या मनात आलं, पण ती खूण काय करायची हे त्यांना सुचलं नाही.

“नाय,” हरिश्चंद्र म्हणाले. त्यांचा आवाज ठाम होता, जवळजवळ रागावलेला. “कधीच नाय. ह्या मचव्याला खडक माहीत नाय. बुडाची एक फळी बदललेली नाय, एक खिळा बदललेला नाय. देवाची आण घेऊन सांगतो.”

“तांडेल तुम्ही होतात?”

“सगळा वेळ मीच.”

“शाबास,” सर्व्हेअर उठत म्हणाले. “असं लाकूड आता बघायला मिळत नाही.”

मग ते आत आले, मेगरचं यंत्र लावून वायरी तपासल्या, बाळाकडे बघून “कुणी केलं हे?” म्हणाले. “मी आणि माझ्या पुतण्यानं,” काशीराम म्हणाले. मचवा पाण्यात उतरला की दिवे आणि पंप चालू करून दाखवा, मग सही करतो, असं सांगून सर्व्हेअर जीपकडे गेले.

बाळा शिडीवरून खाली उतरला तेव्हा माडाखाली किटली तशीच होती. झाकणातून वाफ येत होती. आई नव्हती.

*

काशीराम घाईघाईनं घरी आले तेव्हा यमुनाबाई पडवीत उभ्या होत्या. बसलेल्या नव्हत्या, कशाला टेकलेल्याही नव्हत्या. स्वयंपाकघरात मोठ्या वहिनी, आनंदीबाई, गावजेवणाचा भात उपसत होत्या. मागोमाग हरिश्चंद्र आले, आणि त्यांच्या मागे बाळा, ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांनी.

“नारळ काढलेत काय?” हरिश्चंद्र म्हणाले. “आणि हार?”

“भावोजी,” यमुनाबाई म्हणाल्या, “मचवा खडकाला कधीच लागला नाय?”

यमुनाबाईंनी मोठ्या दिरांना समोरासमोर प्रश्न विचारलेला काशीरामांनी आजवर पाहिला नव्हता.

“सर्व्हेअराला काय सांगायचं ता मला कळतं,” हरिश्चंद्र म्हणाले. “कामापुरतं सांगितलं. तुमी बायकांनी त्यात पडू नका.”

“देवाची आण घेतलीत.”

“मग घेतली. काम महत्त्वाचं हाय.”

“वयनी, आज नको,” काशीराम मध्ये पडले. “उधाण भरत आलंय. मचवा पाण्यात जाऊ दे, रात्री बसून बोलू सगळे.”

“आबा सर्व्हेअरशी खोटं बोलले नाहीत,” बाळा मोठ्या काकांकडे बघत म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो थांबला नाही. “मी श्रावणात आत बघितलंय. तळाची एकेक फळी बघितलीय. कुठं फुटलेलं नाही, कुठं जोडलेलं नाही. आबा साहेबाला बोलले ते खरं आहे. आपल्याला सांगितलं ते खोटं आहे.”

“तू मला शिकवणार? वायरी जोडणारा पोर!”

“मग फळी दाखवा. चला, दाखवा मला कुठची ती.”

हरिश्चंद्र पडवीच्या कठड्यावर बसले.  नजर अंगणातल्या नारळांच्या ढिगाकडे होती. मग बोलले ते कुणालाच उद्देशून नाही.

“सुकाणू माझ्या हातात होतं. नैऋत्येचा वारा अचानक आला. शीड अडकलं, उतरेना. तो पुढं गेला ता उतरवायला. मी सांगितलं म्हणून गेला. शिडाची आडवी काठी सुटली आणि फिरली ती त्याला घेऊनच गेली. मी फिरवला असता मचवा तर आडवा झाला असता. चार खलाशी होते. किनारा असा इथं, हाताच्या अंतरावर. नाय फिरवला.”

“वर आला होता तो?” यमुनाबाईंनी विचारलं.

“हाक येत होती.”

“काय म्हणत होता?”

“माझं नाव.” हरिश्चंद्रांनी तोंडावरून हात फिरवला. “बराच वेळ येत होती.”

काशीरामांना आपली बोट आठवली. बोटीवर नवीन पोरं यायची, त्यांना ते दम द्यायचे, वॉचच्या पाळीला डोळा लागला तर माझ्या भावासारखं होईल. हसून सांगायचे. जगातल्या किती बंदरांत त्यांनी हे सांगितलं होतं! एक क्षण त्यांना वाटलं, मोठ्या भावाची, अण्णांची मान धरावी. पण नजर घड्याळाकडे गेली, आणि ती गेली याची त्यांना स्वतःलाच शरम वाटली.

“समुद्रावर असं होतं, वयनी,” ते म्हणाले. “अण्णांनी फिरवला असता तर सगळेच गेले असते. त्यात त्यांची चूक नाही.”

“मी कुठं म्हटलं चूक?” यमुनाबाई म्हणाल्या. “न्हवता फिरवायचा तर न्हवता. मी असते तरी म्हटलं असतं, चार घरं बुडवू नका. पण तो झोपला होता असं का सांगितलंत?”

हरिश्चंद्र कठड्यावरून उठायला लागले.

“का सांगितलंत, भावोजी?”

“आईला काय सांगू? तो हाका मारत होता आणि मी मचवा पुढं काढला, असं? तिनं मला घरात घेतलं असतं? गावात मला कुणी तांडेल म्हटलं असतं? म्हणून मचवा पावसाळाभर जयगडला ठेवला, फुटला म्हटलं. तो तर गेलेला. त्याला काय लागणार होतं?”

“मला लागलं,” यमुनाबाई म्हणाल्या. “ह्या पोराला लागलं.”

“तुमाला काय कमी केलं मी? दोन वेळचं…”

“मचवा ढकलायला सगळी वाडी जमेल,” यमुनाबाई त्यांना तोडून म्हणाल्या. “तिथं सांगा. जे आता सांगितलंत तेच. दादू सुकाणावर नव्हता आणि झोपला नव्हता. एवढंच.”

“मी नाय सांगणार. आजच्या दिवशी? मचव्यासमोर?”

“तर मी बॅटरी जोडत नाही,” बाळा म्हणाला. “लावा दिवे कसे लावता ते.”

हरिश्चंद्रांनी काशीरामांकडे बघितलं. काशीरामांना वाटलं, आपण गप्प बसावं. पण बांधाचं काम मिळवण्यासाठी ते महिनाभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होते, आणि या घरात परत आल्यापासून याच एका कामानं त्यांना माणसात आणलं होतं.

“दोन वायरी जोडायच्या,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “मला येतं ते.”

बाळा हसला. कडू, लहान हसू. तीन महिने एका हातातला पाना दुसऱ्याच्या हातात देत काम केलं होतं दोघांनी, जेवणसुद्धा एका डब्यात. ते सगळं त्या हसण्याबरोबर संपलं.

“अहो.”

स्वयंपाकघराच्या दारात आनंदीबाई उभ्या होत्या. हातात अजून भाताचा झारा होता, त्यातून पाणी ठिबकत होतं.

“सांगा तुम्ही,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “नायतर मी सांगते. भागोजी होता त्या मचव्यावर.”

भागोजी त्यांचा सख्खा भाऊ. त्या खेपेला खलाशी होता. पुढं मुंबईला गोदीत लागला आणि तिथंच वारला.

हरिश्चंद्र बायकोकडे बघतच राहिले. आपल्याच बाजूला बांधलेला दोर आपल्याच हातून सुटावा, तसं त्यांचं तोंड झालं. मग ते उठले, काही न बोलता अंगणात गेले आणि नारळ उचलायला लागले. सांगणार होते ते. सगळ्यांना कळलं.

पण यमुनाबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

“तुमाला माहीत होतं?” त्यांनी जावेला विचारलं.

आनंदीबाईंनी नवऱ्याला अडवायचं ठरवलं, तेव्हा हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी तो आल्यावर त्यांना झारा जड झाला. सासू बोलायची तेव्हा यमुनेच्या पाठीवर हात ठेवणारं या घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. बाळाला गोवर आला तेव्हा दोघी आळीपाळीनं जागल्या होत्या. दुपारी कुळीथ निवडताना यमुना जे बोलायची, ते जगात फक्त त्यांनी ऐकलं होतं.

“भागोजीनं सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्याच पावसाळ्यात. गोकुळाष्टमीला आला होता तेव्हा.”

“त्याच पावसाळ्यात.”

“नवऱ्याच्या विरुद्ध कसं बोलू गो? मला दुसरं घर होतं काय?”

“मी तुमच्याजवळ त्याला शिव्या घातल्या,” यमुनाबाई म्हणाल्या. “पोर माझ्या पदरात टाकून झोपा काढत मेला, म्हणून. तुमी ऐकत होतात. निवडता निवडता ऐकत होतात.”

“यमुने…”

“बाळा, हात धू,” यमुनाबाई म्हणाल्या. “खाडीवर जायचंय.”

*

वाडीतली माणसं जमली होती. पन्नास-साठ तरी असतील. मचव्याच्या नाळेला हार, शेंदूर, आंब्याचे टहाळे. बायका एका अंगाला, विधवा बायका त्यांच्याही मागे, माडांजवळ. यमुनाबाई तिथंच उभ्या राहिल्या. पाणी ओंडक्यांपर्यंत चढलं होतं. सर्व्हेअर जीपच्या सावलीत शहाळ्याचं पाणी पीत होते.

हरिश्चंद्रांनी नारळ वाढवला. ग्रामदेव भैरीला गाऱ्हाणं घातलं, पूर्वजांची नावं घेतली. मग थांबले. दोर धरून उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, आता ‘हेऽऽ लाव’ म्हणणार. त्यांनी हात खांद्याला नेऊन दोर आवळले.

“एक सांगायचं हाय,” हरिश्चंद्र म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. आपला आवाज आपल्याच कानांना परका लागत होता. आता लोक दोर टाकतील, कुणी थुंकेल, कुणी नाव घेऊन विचारेल, या भीतीत त्यांनी इतकी वर्षं काढली होती. “माझा भाऊ दादू. तो झोपला नव्हता. सुकाणू माझ्या हातात होतं. मचवा खडकावर गेला न्हवता. तो पाण्यात पडला आणि मी मचवा फिरवला नाय. झालं ता असं झालं.”

वारा होता. हाराची झेंडूची फुलं हलत होती.

कुणी दोर टाकला नाही. कुणी कुणाकडे बघितलंही नाही. पुढच्या रांगेतला म्हातारा सदू त्या खेपेला मचव्यावर होता. त्यानं घसा साफ केला. “आता कशाला ता, तांडेल?” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “जुनं झालं. पाणी थांबायचं नाय.”

“व्हय, व्हय,” मागून आणखी दोघंतिघं म्हणाले. महिपत ओंडक्याखालची पाचर बघायला वाकला.

यमुनाबाई चेहरे बघत होत्या. सदू. महिपत. सदूची बायको गोदूबाई, जिच्या घरी त्या दर संक्रांतीला विधवा म्हणून दारातूनच परत यायच्या. पलीकडच्या आळीतली येसूबाई, जी विहिरीवर भेटली की उगाच त्यांची घागर उचलून द्यायची. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की या काठावर ही गोष्ट नवी असलेली माणसं फार थोडी आहेत. चौघं खलाशी घरी आले होते, त्यांनी आपल्या बायकांना सांगितलं होतं, बायकांनी बहिणींना. दया म्हणून घागर उचलली होती. दया म्हणून गप्प राहिले होते.

हरिश्चंद्रांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. त्यांनी मान वर करून माणसांकडे बघितलं, आणि ज्या भीतीला ते आयुष्यभर जपत आले, तिच्यात काहीच नव्हतं हे समजून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“हेऽऽ लाव!” सदूच ओरडला.

दोर ताणले गेले. मचवा करकरला, ओंडक्यांवरून हातभर सरकला, थांबला, आणि मग एकदम स्वतःच्या वजनानं घसरत खाडीत गेला. पोरांनी आरडाओरड केली. पाण्यात तो इतका हलका दिसला की कुणाचा विश्वास बसू नये. आत पाणी आलं ते जेमतेम बादलीभर.

काशीराम पाण्यातून चालत जाऊन वर चढले होते. हरिश्चंद्र चढले, सुकाणापाशी गेले. मग वळून त्यांनी काठाकडे हाक मारली.

“बाळा! वर ये.”

बाळा छातीभर पाण्यातून गेला आणि दोराला धरून चढला. आपण का चढलो हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. बहुधा लहानपणापासून त्या हाकेची वाट बघितली होती म्हणून.

हरिश्चंद्र सुकाणाच्या दांड्यावरून हात काढून बाजूला झाले. “धर,” ते म्हणाले. “आजपासून तू धर.”

बाळानं दांडा धरला. लाकूड आतून जिवंत असल्यासारखं हललं. ओहोटी लागायला लागली होती, नाळ खाडीच्या मुखाच्या बाजूला फिरत होती. त्यानं दांडा एका बाजूला ढकलला आणि मचवा उलट्या बाजूला वळला, थेट काठच्या खडकांकडे. पुढं नाळेवर चढलेला एक खलाशी ओरडला. हरिश्चंद्रांनी पटकन त्याच्या हातावर हात ठेवून दांडा खेचला. मचवा सावरला.

“असा नाय, असा. उलट्या अंगाला. शिकशील.”

“मी एकवीस वर्षांचा आहे, आबा,” बाळा म्हणाला. “सदूआजोबांचा नातू दहाव्या वर्षी शिकला.”

“मी शिकवतो ना आता.”

बाळानं त्यांचा हात आपल्या हातावरून उचलून दांड्यावर ठेवला. “मला येत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही बसा. तुमच्याच हातात होतं ते.”

खाली काशीराम बॅटरीशी वाकले होते. बाळा जाताना त्यांच्याजवळ क्षणभर थांबला. त्यांनी वायर चुकीच्या टोकाला धरली होती. बाळानं ती त्यांच्या हातातून घेतली, बरोबर टोकाला बसवली, नट आवळला. काशीराम काही बोलायला गेले, पण तो कडेवरून पाण्यात उतरला होता. मागं लाल आणि हिरवा दिवा लागला, भर दुपारी फिकट. पंपानं धार सोडली. काठावर सर्व्हेअरांनी हात वर करून मान्य असल्याचं दाखवलं, आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाळा काठावर आला. आई माडाखालून निघून खाडीच्या बांधावर जाऊन बसली होती. आनंदीबाई प्रसादाची खिरापत घेऊन तिच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. ना पुढं येत होत्या, ना परत जात होत्या. बाळा तिच्या शेजारी बसला. त्याच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं.

“हाका मारत होता म्हणाले ना,” यमुनाबाई म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे जागा होता. शेवटपर्यंत जागा होता.”

बाळानं मान डोलावली.

“तो गेला तेव्हा मी रडले नाय रे. कशी रडणार? सगळे म्हणायचे, त्याच्यापायी मचवा फुटला, घर बसलं. मला त्याचा राग आला होता. दिवा लावताना राग, तुला पेज भरवताना राग. त्याचा सदरा होता तो मी चुलीत घातला.” त्या थांबल्या. “मी त्याचं काहीच ठेवलं नाय.”

मचवा मुखाकडे निघाला होता. त्यावरचे लोक हात हलवत होते.

मग यमुनाबाईंनी तोंडाला पदर लावला, तो काढला, आणि गळा काढला. दार लावून हुंदके देणाऱ्या बाईसारखा नाही. मयत अंगणात ठेवल्यावर बायका काढतात तसा, त्याचं नाव घेऊन, मोठ्यांदा. खाडीच्या त्या अंगालाही ऐकू गेला असेल. जमलेली माणसं वळून बघायला लागली. आनंदीबाई एक पाऊल पुढं आल्या, तसं बाळानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्या तिथंच थांबल्या.

“आजच्या दिवशी तरी नको होतं गो,” गोदूबाई शेजारणीला हळूच म्हणाली. “पहिल्या पाण्याला मचव्याच्या मागं रडणं बरं नाय.”